बावीस फेरे

ग्रामपंचायतीच्या टेबलावर किल्ली आडवी पडली होती. किल्ली म्हणजे कुलपाची नव्हे. रस्त्याखालचा व्हॉल्व्ह फिरवायची, चार फूट लांब, वर आडवी मूठ असलेली लोखंडी दांडी. आपटल्यामुळे टेबलावरची काच तडकली होती आणि शिपाई तो तडा चहाच्या बशीखाली झाकायच्या खटपटीत होता.

"एकोणीस वर्षं ही किल्ली या माणसाच्या हातात दिली, मॅडम," सरपंच गलांडे मला म्हणाले, "आणि यानं गावाचं पाणी मेव्हण्याच्या डाळिंबाला पाजलं."

"हा माणूस" दाराशी उभा होता. ज्ञानू तात्या खिलारे, गावच्या पाणी योजनेचे व्हॉल्व्हमन. उंच, काटक, डोक्याला पांढरा पटका, हातात टाकी मोजायची बांबूची काठी. किल्ली काढून घेतली तरी काठी त्यांनी सोडली नव्हती. काठी कुणी मागितलीच नव्हती म्हणा.

"पाजलं न्हाई," तात्या एवढंच म्हणाले.

"मग तासाला बारा हजार लिटर पाणी जातं कुठं? हवेत?"

भानगड अशी होती. डोंगरावरच्या मोठ्या टाकीतून गावाकडे तासाला पन्नास हजार लिटर पाणी सुटायचं. तिथलं मीटर तसं सांगत होतं. गावाच्या टाकीच्या तोंडाशी आठ महिन्यांपूर्वी नवं विद्युतचुंबकीय मीटर बसलं, ते अडतीस दाखवत होतं. मधला चार किलोमीटरचा पाइप दोनदा चालून झाला, कुठे गळती नाही. मध्ये होता फक्त तात्यांचा व्हॉल्व्ह. आणि व्हॉल्व्हपासून हाकेच्या अंतरावर तात्यांच्या मेव्हण्याची डाळिंबाची बाग, यंदा नेमकी लालभडक लगडलेली. गावाला आणखी काय पाहिजे?

"चार वाजता ग्रामसभा आहे," सरपंच म्हणाले. "मीटर बरोबर असल्याची तुमची सही द्या. ठराव करतो आणि उद्या सकाळी पोलिसांत फिर्याद."

ते मीटर मीच बसवलं होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आयटीआय करून खोत साहेबांच्या कंपनीत मीटर बसवायच्या आणि तपासायच्या कामावर होते. कंपनीत फील्डवर जाणारी एकटी बाई. एकटी असल्याने माझं काम चुकत नाही हे मला सगळ्यांना सांगावं लागे, आणि सांगता सांगता माझाही त्यावर पक्का विश्वास बसला होता. नाकाने कांदे सोलायचे ते मीच सोलावेत असा माझा तेव्हाचा थाट. त्यामुळे "मीटर चुकलं असेल का" हा प्रश्न मला माझ्या आईवर शंका घेतल्यासारखा लागला.

"चला, दाखवते," मी म्हणाले.

टाकी गावाबाहेर होती, जमिनीवरची, गोल. शेजारी तात्यांची पत्र्याची खोली आणि त्याला लागून पिठाची गिरणी. मीटर जमिनीतल्या विटांच्या चौकोनी खड्ड्यात. मी आत उतरले. सकाळचं पाणी अजून चालू होतं. आकडे छत्तीस, एकोणचाळीस, सदतीस असे नाचत होते. पाइपात हवा असेल, मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं. माझी तपासणीची पेटी जोडून मीटरची तब्येत तपासली. ठणठणीत. मग अर्थिंगकडे वळले.

माझ्या अर्थिंगचा मला फार अभिमान होता. पुरुषभर खोल खड्डा, त्यात कोळसा, मीठ, जाड तांब्याची पट्टी. विजेच्या कामात अर्थिंग कच्चं तर सगळं कच्चं, हे खोत साहेबांचं पहिलं वाक्य आणि माझंही.

"रोज एक बादली पानी घालतो त्याला," तात्या वरून वाकून म्हणाले. "तुमीच सांगून गेला हुता. आठ महिन्यांत एक दिस चुकला न्हाई."

अर्थिंग मोजायचं यंत्र लावलं. अर्थिंग इतकं सुरेख की पुस्तकात छापावं.

"मॅडम, एक सांगू का?" तात्या म्हणाले. "गिरणी चालू झाली की तुमचे आकडे लई नाचत्यात. गिरणी बंद असली की जरा दम खात्यात. आन् माझ्या काठीवर तर टाकी पयल्यावानीच भरतीया. तासाला धा खुणा. मीटर यायच्या आदी धा, आता बी धा."

सरपंच हसले. "म्हणजे लाखाचं मीटर खोटं आणि बांबू खरा!"

मीही हसले. हे मी लपवत नाही. "तात्या, मी काठीवर सही करत नसते," असं म्हणाले आणि त्या हसण्याच्या भरातच कंपनीच्या कागदावर लिहून दिलं: मीटर व अर्थिंग तपासले, बरोबर आहे. खाली सही, उज्ज्वला शेवाळे. सरपंचांनी कागदाची घडी खिशात घातली आणि मोटारसायकलला किक मारली.

तात्या म्हणाले, "ऊन लई झालंय. पानी पिऊन जावा."

ज्याला आत्ताच चोर ठरवलं त्याच्या हातचं पाणी नको म्हणायला तोंड पाहिजे. माझ्याकडे ते नव्हतं. मी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत गेले. आत सगळं लखलखीत. खिळ्यांना वॉशर, दोऱ्या, जुने बोल्ट डब्यांत, डब्यांवर खडूने आकडे. तात्या काहीच फेकून देत नसावेत. कोपऱ्यात माठ. त्यांनी तांब्या बुडवून मला दिला. गार पाणी घशाखाली उतरलं आणि माझी नजर माठाच्या बुडाशी गेली.

माठ एका स्टीलच्या कड्यावर बसवला होता. ताटाएवढं चपटं कडं, मध्ये मोठं भोक, आणि एका बाजूला बाहेर आलेला कान. कानाला वायर बांधायचं भोक.

मी तांब्या खाली ठेवला.

"तात्या, हे कुठून आलं?"

"तुमचंच की ते. मीटरच्या खोक्यात हुतं. दोन हुती. तुमी बसवाय आला तवा तुमचा फिटर म्हनला, पाइपाच्या तोंडात ही मावंनात. तुमी म्हनला, ऱ्हाऊ द्या, आपलं अर्थिंग झकास हाय. मग म्या उचलून ठिवली. चांगलं इस्टील हाय, टाकाय जीव हुईना. दुसरं घरी घागरीखाली हाय."

मी तिथेच खाली बसले. आठ महिन्यांपूर्वीची दुपार जशीच्या तशी समोर आली. फिटर घाईत होता, शेवटची गाडी गाठायची होती. आणि मी म्हणाले होते, राहू द्या. माझेच शब्द, माझ्याच तोंडचे. घोडं कुठे पेंड खात होतं ते आता लख्ख दिसलं.

या मीटरमध्ये फिरणारं चाक नसतं. पाणी चुंबकातून वाहिलं की पाण्यात इवलीशी वीज उठते, तीच ते मोजतं. पण ती मोजायची तर मीटरच्या अंगाचा आणि पाण्याचा आधी एकमेकांना स्पर्श पाहिजे. लोखंडी पाइप असला की तो आपोआप होतो. इथला पाइप होता काळा प्लास्टिकचा. त्यासाठीच ती दोन कडी, मीटरच्या दोन्ही तोंडांशी, पाण्याला लागून बसवायची आणि वायरने मीटरच्या अंगाला जोडायची. मी मीटरला जमिनीशी बांधलं होतं, पाण्याशी नाही. गिरणीच्या मोटरची भटकी वीज पाण्यातून यायची आणि मीटर बिचारं त्यातच चाचपडत बसायचं. चालत्या बैलगाडीत तराजू धरून धान्य मोजावं तसं. आणि माझ्या पेटीने सकाळी फक्त तराजू धड आहे का ते बघितलं होतं.

मी खोत साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"उज्ज्वला, सही दिलीस ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या भागात आपली अकरा मीटरं आहेत. एकाचं बोंबललं की सगळी उघडून बघतील. महिन्याभराने जा आणि कडी गुपचूप बसवून ये."

"आणि तात्या? उद्या त्यांना पोलीस नेतील."

"गावाचं राजकारण आहे ते. आपल्याला काय?"

"साहेब, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी झालं. आणि चोर मी आहे."

"मग सोमवारी कामावर येऊ नकोस," साहेब म्हणाले.

"नाही येत," मी म्हणाले आणि फोन ठेवला. शूरपणाने नव्हे. राग आला होता, आणि तो स्वतःचाच.

तात्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माठाकडे बघत म्हणाले, "म्हंजी चोर माठाखाली बसला हुता व्हय?"

"तात्या, चूक माझी आहे. मला माफ—"

"माफीचं मागनं बघू," त्यांनी माझं बोलणं तोडलं. "अकरा वाजल्यात. पानी बंद झालं. परत तीनला सुटतंय. तवर ही कडी बसत्यात का, ते बोल पोरी."

सकाळपासूनची मॅडम त्या वाक्यात पोरी झाली, आणि मला उठायचं बळ आलं.

माठ विटांवर गेला. तात्यांच्या बायको, हौसाकाकू, दुसरं कडं पदराखाली झाकून घेऊन आल्या. ते माझ्या हातात देत म्हणाल्या, "घे बाई. आमच्या घरात चोरीचं म्हून एवढंच घावलं."

मला हसावं की रडावं कळेना. काकूच आधी हसल्या, मग मीही हसले.

आम्ही दोघं खड्ड्यात उतरलो. बोल्ट गंजलेले होते. तात्यांनी एकेकावर रॉकेल सोडलं आणि पाना मारून सोडवले. फिटर म्हणाला होता ते खरंच होतं, कडी मावत नव्हती, कारण त्याने पाइप रेटलाच नव्हता. तात्यांनी पहार घातली, खांदा लावला आणि काळा पाइप दोन बोटं मागे सरकला. "प्लास्टिक हाय, लवतंय की," ते म्हणाले. "लोखंडाशी भांडतो तसं ह्याच्याशी भांडायचं नसतं." सांध्यांतलं रबराचं पॅकिंग संपलेलं होतं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून तात्यांनी कात्रीने चार गोल कापले, भोकांसकट, न मोजता, आणि चारही बरोब्बर बसले. कड्यांबरोबर आलेले लांब बोल्टही त्यांच्याच एका डब्यातून निघाले. दोन्ही कड्यांच्या कानांना वायर घेऊन मी मीटरच्या अंगाशी कसली. अडीच वाजले होते. दोघंही चिखलाने माखलेले.

तशीच मी पंचायतीत गेले.

"सरपंच, सकाळचा कागद परत द्या."

"का?"

"मीटर चुकीचं बसलं होतं. मी बसवलं होतं. आता दुरुस्त केलंय. तीन ते चार टाकीवर या आणि डोळ्यांनी बघा."

गलांड्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सकाळी बरोबर, दुपारी चूक? तात्यानं काय पाजलं तुम्हाला?"

"पाणी," मी म्हणाले.

त्यांनी कागद दिला नाही, पण आले. ते आले म्हणून त्यांच्यामागे अर्धी ग्रामसभा आली. मी गिरणीवाल्याला म्हटलं, गिरणी चालू कर, तासभर थांबवू नकोस. गावाकडे जाणारा नळ बंद केला, म्हणजे आलेलं सगळं पाणी टाकीतच साठेल. तीनला पाणी सुटलं. मीटर जागं झालं. पन्नास. एकोणपन्नास पूर्णांक नऊ. पन्नास. गिरणी धडधडत होती आणि आकडा पाटावर बसवलेल्या शहाण्या पोरासारखा जागचा हलत नव्हता.

"आता हे पन्नास दाखवतंय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "हिनंच फिरवलं असलं तर?"

हा प्रश्न रास्त होता. मी तात्यांकडे वळले. "तात्या, तुमची काठी."

तात्यांनी काठी टाकीत सोडली, ओली रेघ सगळ्यांना दाखवली, खडूने खूण केली. एक तास थांबायचं होतं. तेव्हा मला सुचलं आणि मी विचारलं, "या खुणा कशावरून केल्या?"

"टाकी बांदली तवा गळती बघाया भरायची हुती. पाइप आला नव्हता. टँकरनं भरली. पाच हजाराचा टँकर, चाळीस खेपा. दर खेपंला पानी थिर झालं की काठी सोडली आन् चाकूनं एक खूण. चार दिस बसलो हुतो इथं." ते जरा ओशाळले. "कुनी सांगितलं नव्हतं. आपली मला हौस."

मी त्या काठीकडे बघतच राहिले. आमच्या धंद्यात मीटर तपासायची सगळ्यात खरी रीत हीच, ठरावीक मापाचं पाणी ओता आणि खूण करा. शहरात त्यासाठी काचेच्या खोल्या असतात आणि भिंतीवर प्रमाणपत्रं. हा माणूस एकोणीस वर्षं तेच काम चाकू आणि बांबू घेऊन करत होता, आणि सकाळी मी त्याला हसले होते.

चार वाजले. तात्यांनी काठी पुन्हा सोडली आणि वर काढली. सरपंचांनी स्वतः खुणा मोजल्या. दहा, आणि वर अर्धं बोट. मीटरने तासात मोजलं होतं पन्नास हजार दोनशे लिटर.

गिरणी तेवढी चालू होती.

मी टाकीच्या पायरीवर उभी राहिले. सभेत बोलायची सवय नव्हती, आवाज फाटला. "पाणी कुठेच गेलं नव्हतं. रोज पन्नास हजार येत होतं. मीटर खोटं बोलत होतं, आणि ते माझ्यामुळे. दोन कडी बसवायची होती, मी बसवली नाहीत. तात्यांनी ती जपून ठेवली म्हणून आज सापडली. यांनी चोरी केली नाही. सकाळी मी खोट्यावर सही केली, ती मी मागे घेते."

गलांड्यांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. पण माणूस वाईट नव्हता. खिशातून कागद काढला, चार तुकडे केले आणि तात्यांना म्हणाले, "तात्या, झालं गेलं विसरा. पंचायतीत चला, किल्ली घ्या."

तात्यांनी सूर्याकडे पाहिलं. "पाच वाजत आल्यात. पानी आता वाघदऱ्याच्या वस्तीला फिरवायचं. म्या व्हॉल्व्हवर चाललो."

"अहो, पण किल्ली?"

"किल्ली चार मानसांत काढून घेतली," तात्या शांतपणे म्हणाले. "ज्यानं घेतली त्यानं व्हॉल्व्हवर घेऊन यावी. चार मानसांतनंच."

आणि ते चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. हातात फक्त काठी.

गलांड्यांनी एकदा त्यांच्या पाठीकडे पाहिलं. मग पंचायतीकडे गेले. थोड्या वेळाने गाव रस्त्यावर आलं. सरपंच विलासराव गलांडे, पांढरा शर्ट, खांद्यावर चार फुटांची गंजकी किल्ली, गावाच्या मधल्या रस्त्याने चालत येत होते. शिपाई मदतीला धावला तर त्यांनी त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. त्यांच्या शर्टावर गंजाचा आडवा पट्टा उमटला. हौसाकाकू दारात उभ्या होत्या, पदर सावरून, ताठ. मला अभिमान वाटला, तात्यांचा आणि सरपंचांचाही. न वाकणाऱ्याचा वाटलाच, पण वाकून ओझं उचलणाऱ्याचाही वाटला.

व्हॉल्व्हवर तात्यांनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली. कपाळाला लावली. मग ती माझ्यापुढे धरली.

"तू फिरव, पोरी."

"मी?"

"बावीस फेरं. एक बी कमी न्हाई, एक बी जास्त न्हाई. मोठ्यानं मोज."

मी किल्ली खाली बसवली आणि ढकलली. एक. दोन. व्हॉल्व्ह दगडासारखा. नवव्या फेऱ्याला तळव्याला फोड आला. चौदाव्याला हात गळाले. दोघं तिघं पुढे झाले, पण तात्यांनी हात आडवा केला. "कुनी हात लावू नका. तिचं काम हाय." पंधरा. सोळा. माझ्याबरोबर आता गाव मोजत होतं. वीस. एकवीस. बावीस. पायाखाली पाण्याचा आवाज बदलला आणि ते वाघदऱ्याच्या दिशेने धडधडत गेलं.

तात्यांनी माझ्या सोललेल्या हाताकडे पाहिलं, पटक्याचं टोक फाडून त्यावर बांधलं. मग खिशातून एक कोरा कागद काढला. पंचायतीतून कधी आणला होता कोण जाणे.

"आता सही कर," ते म्हणाले. "सकाळची कंपनीची हुती. ही तुझी."

त्याला तेरा वर्षं झाली. सोमवारी मी कामावर गेले नाही, नंतर कधीच गेले नाही. उरलेली दहा मीटरं मी माझ्या खर्चाने, एसटीने हिंडून उघडली. चारांत कडी नव्हती. ती बसवली. पुढे लोक मला स्वतःहून बोलवायला लागले. आता माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. पण त्या संध्याकाळी त्या कागदावर काय लिहिलं होतं ते अजून पाठ आहे, कारण पट्टी बांधलेल्या हाताने ते फार वेडंवाकडं आलं होतं.

मीटर तपासले. ज्ञानू तात्या खिलारे यांच्या काठीवर तपासले. बरोबर आहे.